नव्या लॅपटॉपवरची पहिली पत्रिका

"वहिनी, हे बघा आतमधनं काय निगालं," असं म्हणत ओतूरच्या सुनीलने आमचा लॅपटॉप टेबलावर पालथा केला आणि खालच्या वर्तमानपत्रावर लाल-पिवळी भुकटी सांडली.

मी वाकून पाहिलं. हळद होती आणि कुंकू होतं. चांगलं चमचाभर भरलं असतं.

"पंख्यात गच्च बसलंय. हवाच लागली न्हाई त्याला," सुनील म्हणाला. "मदरबोर्ड जळाला, जाताना हार्डडिस्कला बी संगं घेऊन गेला. धा वरसं रिपेरिंग करतोय मी. पाली निगाल्या, मुंग्या निगाल्या, एकदा शेवया निगाल्या. हे मातर पैल्यांदाच बघितलं."

आमचे हे शेजारी हात मागे बांधून उभे होते, मयताला उभं राहावं तसे. "मंग त्यातल्या फायली?" त्यांनी विचारलं.

"फायली गेल्या, रविभाऊ."

"समद्या?"

"समद्या."

हळदीकुंकवाचं कोडं मला लगेच सुटलं. डिंगोऱ्याला हमरस्त्याच्या कडेला आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका छापून आल्या की लोकांना गठ्ठा घरी नेण्याइतकाही धीर नसतो. पहिल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू आमच्या टेबलावरच लागतं. त्यातून एखादी आजी फारच भाविक असली तर बोटाला उरलेलं लॅपटॉपलाही लावते, कारण देवाच्या खालोखाल मेहनत त्यानेच केलेली असते. आमच्या दुकानात भिंतीवर तथागतांचा फोटो आहे, घरी हळदीकुंकवाच्या करंड्याचं काही काम पडत नाही, पण लोकांच्या आनंदाच्या आड आपण येऊ नये असं यांचं म्हणणं. अकरा वर्षं कुणी आड आलं नाही, त्यामुळे तो आनंद थेट मदरबोर्डापर्यंत पोचला.

आमची मुलगी वैष्णवी पुण्याला नोकरी करते. ती दर सुट्टीत सांगायची, पप्पा, फायलींची एक कॉपी दुसरीकडे ठेवा. हे म्हणायचे, "कुठं जात्यात त्या? दुकानातच तर हायेत."

हे नुकसान किती मोठं होतं ते कळायला आमच्या धंद्याची पद्धत सांगावी लागेल. शहरातल्या पत्रिकेत नवरा, नवरी आणि हॉल एवढंच असतं. आमच्याकडे पत्रिकेत अख्खी भावकी असते. निमंत्रक असतात, संयोजक असतात, स्वागतोत्सुक असतात आणि तळाला मावशीच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात. यात एक नाव वरखाली झालं की एखादे चुलते लग्नाला येऊन न जेवता जातात. म्हणून नवी यादी करायचं धाडस कुणीच करत नाही. घरात आधी झालेल्या लग्नाची फाइल उघडायची, नवरा-नवरी बदलायची, मुहूर्त बदलायचा, मधल्या काळात जे वारले त्यांच्या नावामागे कै. लावायचं, की झाली पत्रिका तयार. आसपासच्या पंचवीस गावांची भावकी अशी त्या एका लॅपटॉपात नांदत होती.

आणि नेमकी अमृत हांड्यांच्या धाकट्या मुलीची, आरतीची पत्रिका शुक्रवारी छापायला द्यायची होती. सुनीलने भुकटी दाखवली तो बुधवार. अमृतभाऊ आठवड्यापूर्वीच सांगून गेले होते, "मोठीच्या लग्नाची फाइल हायच तुमच्याकडं. नवरीचं नाव बदला, पावणं महाळुंगे पडवळचं हायेत, ते घाला. बाकी कशाला हात लावू नका."

परत येताना मी गाडीवर मागून म्हटलं, "अहो, अमृतभाऊंना सांगा ना सरळ. मोठीच्या, प्राचीच्या लग्नाची पत्रिका असेल त्यांच्या घरी."

"लगीनसराईच्या तोंडावर फायली गेल्या म्हणून सांगू? उद्या समदं गिऱ्हाईक ओतूरला पळंल," हे म्हणाले. "आन हांड्यांची यादी मला पाठ हाय. पैल्यांदा मीच टाइप केली ती, ह्याच बोटांनी."

नवऱ्याची बोटं हा आमच्या घरातला मानाचा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला लॅपटॉप बघायला निघालो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस चापून बसवले. मी विचारलं, "स्थळ बघायला निघालात का?" तर म्हणाले, "बायको बघायला म्या एवढा इचार केला नव्हता." आळेफाट्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुकान मोठं होतं. एसी होता. ऋषी नावाचा तरतरीत विक्रेता पुढे आला आणि त्याने विचारलं, "काका, यूज काय आहे तुमचा? गेमिंग, कोडिंग, एडिटिंग?"

"लगीन," हे म्हणाले.

ऋषीने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रिकांचं सांगितलं तेव्हा बिचारा मोकळेपणाने हसला. तेवढ्यात वैष्णवीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, सोळा जीबी रॅम सांग. आणि एसएसडीच घ्या. पप्पांना बटणं बघत बसू देऊ नकोस." पप्पा तोवर बटणंच बघत होते.

यांची परीक्षा एकच होती. उभ्या उभ्या दोन ओळी टाइप करायच्या, त्याही मराठीत, जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने. ऋषीला प्रत्येक लॅपटॉपवर ती पद्धत चालू करून द्यावी लागत होती. पहिला लॅपटॉप इतका सपाट होता की हे म्हणाले, "ह्यो पापड हाय. बटन दाबलं का न्हाई त्ये बोटालाच कळंना." दुसऱ्याच्या बटणांखाली निळे-जांभळे दिवे लागत होते. तो वरातीपुढे शोभेल असं ठरलं. तिसऱ्याच्या पडद्यालाच बोट लावलं की काम होतं, असं ऋषी कौतुकाने दाखवू लागला, तेव्हा मात्र मीच घाईने म्हणाले, "नको नको. आमच्याकडची बोटं तुम्हाला माहीत नाहीत."

पाचव्या-सहाव्यानंतर ऋषीचा चेहरा उतरला. वैष्णवीने कंटाळून फोन ठेवला. तेवढ्यात यांची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे एक करड्या रंगाचा, थोडा जाडसर, अगदी साधा लॅपटॉप उघडा ठेवलेला होता.

"काका, तो डेमो पीस आहे. बेसिक मॉडेल आहे," ऋषी म्हणाला.

"काढ तरी."

यांनी दोन ओळी टाइप केल्या. थांबले. मग आणखी दोन केल्या. मग मान न वळवता हात मागे करून स्टूल ओढलं आणि बसले. दोन्ही हात चालू लागले. बटणांचा तो बारीक टकटक आवाज मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. यांचं काम मनासारखं चाललं की त्या आवाजात कुठे खंड पडत नाही, आणि हे खालचा ओठ थोडा पुढे काढतात. आत्ताही काढला होता. मला फार बरं वाटलं. कालपासून हा माणूस वरवर थट्टा करत होता, पण रात्री जेवला नव्हता ते मला ठाऊक होतं.

मी मागे जाऊन पाहिलं. हे चक्क हांड्यांची पत्रिका टाइप करत होते. चि. सौ. कां. आरती झाली होती, मुहूर्त झाला होता, निमंत्रक चालू होते. श्री. अमृत धोंडिबा हांडे. श्री. सोपान बाळाजी हांडे. श्री. सावळेराम धोंडिबा हांडे.

मी तिसरं नाव पुन्हा वाचलं.

सावळेराम म्हणजे अमृतभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. सावळेरामभाऊ कॅनॉलच्या पलीकडे मळ्यात राहायला गेले, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत ना बोलणं ना जाणं-येणं. प्राचीच्या लग्नाच्या वेळी अमृतभाऊंनी आमच्या दुकानात उभं राहून ते नाव काढायला लावलं होतं. यांनी ते एक बटण दाबून काढलं होतं.

पुढे ऋषी होता, दुकानात गर्दी होती. घरी गेल्यावर सांगू असं मी ठरवलं.

"काका, एवढी सगळी नावं तुम्हाला पाठ आहेत?" ऋषीने विचारलं.

"लोकांच्या घरातली मान्सं हायेत. पाठ नको व्हय?" हे उठले. "ह्योच दे."

"सीलपॅक देतो ना नवीन, आतून आणतो."

"सीलपॅक नको. ह्याच्यात हांड्यांचं लगीन हाय."

ऋषीने मालकाला विचारलं, मालकाने बाहेर येऊन आम्हाला पाहिलं आणि हसत डेमो पीस दिला. वर एक माउस फुकट दिला. रॅम किती आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर चहा घेऊन आम्ही पत्रिका तपासायला बसलो. आमची रीत अशी, की मी मोठ्याने वाचायचं आणि यांनी डोळे मिटून ऐकायचं. कुठे चुकलं की यांचे डोळे उघडतात. मी वाचत गेले. निमंत्रकांवर आले. "श्री. सावळेराम धोंडिबा हांडे," मी अगदी सावकाश वाचलं आणि थांबले.

डोळे मिटलेलेच होते. "हं, पुढं," हे म्हणाले.

खरं सांगायचं तर तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण मला धोंडाबाई आठवली. धोंडाबाई म्हणजे सावळेरामभाऊंची बायको. प्राचीच्या लग्नाआधी ती एकदा दुकानात आली होती. वही घ्यायचं निमित्त होतं. मग म्हणाली, "पत्रिका लई छान झाली म्हंत्यात. मला बगू तरी दे की एक." मी दिली. ती सातवी शिकलेली आहे. निमंत्रकांपासून तळाच्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत तिने एकेका नावावरून बोट फिरवलं. कागद उलटा करून मागेही पाहिलं. मग नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "छान हाय." वही न घेताच गेली.

त्या दिवशी मला पत्रिकेच्या धंद्याची लाज वाटली होती. म्हणून मी पुढचं नाव वाचलं.

पत्रिका व्हॉट्सॲपवर अमृतभाऊंना गेली. त्यांनी नवरीचं नाव पाहिलं, मुहूर्त पाहिला, आपलं नाव पाहिलं आणि अंगठा पाठवला. सगळे तेवढंच पाहतात. शुक्रवारी पत्रिका छापायला गेल्या, रविवारी सातशे प्रती अमृतभाऊंचा भाचा घेऊन गेला. हे नव्या लॅपटॉपवर इतके खूश होते की जाणाऱ्या-येणाऱ्याला बटणं दाबून दाखवत होते. मला मात्र तीन दिवस घास गोड लागला नाही. चूक निघाली असती तर नाव यांचं जाणार होतं. पंचवीस वर्षांत यांच्या हातून एक नाव चुकलेलं नाही, हीच आमची पाटी आणि हीच जाहिरात.

सोमवारी सकाळी अमृतभाऊ आले. हातात पत्रिका होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या नावावर बोट टेकवलं.

"रविभाऊ, ह्ये काय केलं तुमी?"

यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. मी दाराशी उभी होते.

"कुणी सांगितलं व्हतं तुमाला ह्ये नाव घालाया?"

"कुणीच न्हाई, अमृतभाऊ." मग यांनी सगळं सांगितलं. लॅपटॉप गेल्याचं, फायली गेल्याचं, यादी आठवणीने केल्याचं. "नऊ साली तुमच्या बहिणीचं लगीन झालं तवा ही यादी म्या एकेक अक्षर टाइप केली. मागनं सावळेरामभाऊचं नाव काडलं, त्ये नुस्तं एक बटन दाबून. बोटांच्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई त्ये." यांनी मान खाली घातली. "चूक माझी हाय. सातशेच्या सातशे परत छापून देतो. तुमी एक रुपाया देऊ नका."

त्या खाली गेलेल्या मानेकडे मला बघवेना.

"चूक यांची नाही," मी म्हणाले. "मी वाचली होती पत्रिका. मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. संसारात मी यांच्यापासून काही लपवल्याचं यांना बहुधा पहिल्यांदाच कळत होतं.

"का वं वहिनी?" अमृतभाऊंनी विचारलं.

मी धोंडाबाईचं सांगितलं. बोट फिरवल्याचं, कागद उलटून पाहिल्याचं, वही न घेता गेल्याचं.

अमृतभाऊ खुर्चीवर बसले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "आईला वाचता येत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. कुनाची बी पत्रिका आली का ती समदी वाचून घेती. काल आरती वाचत व्हती. सावळेरामचं नाव आलं आन पोरगी थांबली. आई म्हंती, परत वाच. तिनं वाचलं. परत वाच म्हंती. तीनदा वाचाय लावलं, तेवढंच नाव." त्यांनी टोपी परत घातली. "म्या म्हनलं, चुकून झालंय, बदलून आनतो. तर आई मला म्हंती, बदल. खुशाल बदल. पर मंग मला मांडवात बसवू नगंस."

"मंग?" यांनी विचारलं.

"मंग काय, राव. भांडायला आलोच न्हाई मी. इचारायला आलोय." साठीचा तो माणूस लहान पोरासारखा आमच्याकडे बघत होता. "पत्रिका गावभर गेली का त्याच्या कानावर जानार. दुसऱ्या कुनाकडनं कळलं तर त्याला वाटंल थट्टा केली. म्या सोता जायला पायजे. आन गेलो आन त्यानं मळ्यात चार मान्सांपुढं पत्रिका तोंडावर फेकली तर? म्या थोरला हाय वं."

हे उठले. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "चला," ते म्हणाले. "फेकली तर आमच्या तोंडावर फेकंल. छापली आमी हाय."

अमृतभाऊ पुढे त्यांच्या गाडीवर, मागे आम्ही दोघे आमच्या गाडीवर. त्यांच्या गाडीच्या डिकीत वाटायला काढलेल्या पत्रिका होत्या. सदऱ्याच्या वरच्या खिशात त्यांनी एक वेगळी ठेवली होती, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. वाटेत हे मला फक्त एवढंच म्हणाले, "सांगायचं व्हतंस की मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही काढलं असतं नाव."

"काडलं असतं," त्यांनी कबूल केलं.

कॅनॉल ओलांडून मळ्यात पोचलो. सावळेरामभाऊ शेडमध्ये टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरत होते. धोंडाबाई शेजारी बसली होती, दोन बायका मजुरीला होत्या. भावाला पाहिलं आणि सावळेरामभाऊंचे हात थांबले. उठले मात्र नाहीत. धोंडाबाईने पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला काही खूण करता आली नाही.

अमृतभाऊ चार पावलांवर थांबले. खिशातली पत्रिका काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरली. "आरतीचं लगीन हाय. महाळुंग्याला दिली. तू यायचंस." एवढं बोलायला त्यांना बराच दम लागला.

सावळेरामभाऊंनी हात पँटीला पुसले. पत्रिका घेतली. डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागले. वरून खाली, सावकाश. निमंत्रकांपाशी त्यांची मान हलायची थांबली. धोंडाबाई उठून त्यांच्या खांद्यामागून वाचत होती. तिने तोंडावर पदर धरला.

"तिसरं," सावळेरामभाऊ म्हणाले.

"हां. सोपानअण्णाच्या खाली," अमृतभाऊ म्हणाले.

सावळेरामभाऊंनी पत्रिकेची घडी घातली आणि ती भावाच्या हातात परत दिली. "ही मला नको."

अमृतभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मजूर बायका काम थांबवून बघत होत्या. माझ्या शेजारी हे एक पाऊल पुढे सरकले, सगळं आपल्यावर घ्यायला. मला वाटलं, संपलं. दोन घरांमध्ये जे होतं नव्हतं तेही माझ्या एका गप्प बसण्याने गेलं.

"निमंत्रकाला कुनी आवतान देतं व्हय?" सावळेरामभाऊ म्हणाले. आवाज चढा होता, पण फुटत होता. "गठ्ठा कुठाय?"

"कसला?"

"पत्रिकांचा. माझ्या वाटनीची गावं कुनी वाटायची? घाटघरला आत्याकडं कोन गेलंय?"

"आजून कोनीच न्हाई गेलं."

"न्हाई गेलं म्हंजे? लगीन तोंडावर आलं आन आत्याला पत्रिका न्हाई? टोमॅटो भरून झालं की म्याच जातो."

अमृतभाऊ गाडीकडे गेले. आधी चालत गेले, मग शेवटची दहा पावलं पळत गेले. डिकीतून त्यांनी अख्खा गठ्ठा आणला, त्यातल्या किती द्यायच्या ते न बघता. सावळेरामभाऊंनी एक रिकामी क्रेट पालथी केली, तिच्यावर बसले आणि यांच्यापुढे हात केला. यांनी खिशातलं पेन काढून दिलं. धोंडाबाईने न सांगता चष्मा आणून दिला होता.

"आत्याच्या थोरल्या नातवाचं नाव काय रं?" पाकीट मांडीवर ठेवत सावळेरामभाऊंनी विचारलं. "मागं दोनच नातू व्हते."

"आता चार हायेत," अमृतभाऊ म्हणाले, आणि पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी भावाशेजारी मातीत बसून एकेक नाव सांगू लागले.

आम्ही निघालो तेव्हा तिसरं पाकीट चाललं होतं. यांचं पेन तिथेच राहिलं. आम्ही ते मागितलं नाही.